कुंकू लावलेला चेक

"कुंकू लावून आणता व्हय चेक बँकेत?" शिपाई मोठ्यानं म्हणाला, आणि काउंटरपुढची अख्खी रांग माझ्याकडं वळून बघायला लागली. "ह्यो काय नवा ट्रॅक्टर हाय पूजा करायला? घ्या. परत आलाय."

त्यानं जाळीखालून चेक माझ्याकडं सरकवला. चेकला टाचणीनं एक लांबट चिठ्ठी टोचली होती. चिठ्ठीवर इंग्रजीत दहा-बारा ओळी छापलेल्या, आणि त्यातल्या एका ओळीपुढं निळ्या शाईनं खूण केलेली. मी सातवी पास. इंग्रजीशी माझी ओळख एबीसीडीपुरती, तीही रस्त्यात भेटली तर मान हलवण्याएवढी. पण खूण कशाला केली हे कळायला इंग्रजी कशाला पाहिजे? चेकच्या मधोमध ओल्या कुंकवाचं बोट ठसठशीत उमटलं होतं, त्याच्या शेजारी हळदीचं, आणि अक्षतेचा एक तांदूळ अजून तसाच चिकटून बसला होता.

मी मनात म्हटलं, आत्याबाई, केलंत माझं वाटोळं.

ही गोष्ट शहाण्णव सालची, विट्याची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, गजराबाई. आमचे हे ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले पंचवीस दिवस रस्त्यावर. घरात आम्ही दोघीच, आणि दोघींच्या मध्ये गोधडी. आत्याबाईंसारखा टाका पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. त्यांनी एका बाजूनं धावदोरा घालत यायचं आणि मी दुसऱ्या बाजूनं. आठवड्याला एक गोधडी व्हायची आणि बोटांची चाळण व्हायची.

दसऱ्याला गोंजारी गुरुजींनी बोलावणं पाठवलं होतं. अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत शिकवलेलं, निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली. बायको, इंदुमतीबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांची सगळी लुगडी गुरुजींनी आमच्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "याच्या बारा गोधड्या करा. मुलींच्या वसतिगृहाला द्यायच्या आहेत, तिच्या नावानं." साडेतीनशेला एक ठरली. बारा गोधड्यांचे बेचाळीसशे. आजवर एवढी रक्कम मी एका जागी पाहिली नव्हती.

आणि ती मला कशाला हवी होती तेही सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रसूलभाई शिकलगारांचं दुकान होतं. ताडपत्री शिवायचं मोठं पायमशीन होतं त्यांच्याकडं. सहा पदर कापड लोण्यासारखं शिवायचं. रसूलभाई थकले होते, पंचवीस जानेवारीला दुकान बंद करून इचलकरंजीला मुलाकडं निघाले होते. मला म्हणाले, "शालन बेटी, पाच हजार. पंचवीसपर्यंत तुझ्यासाठी ठेवतो. पुढं मिरजेचा व्यापारी येऊन उचलून नेणार." डब्यात माझे आठशे होते. बेचाळीसशे आणि आठशे, पाच हजार. देवानंच हिशोब मांडून ठेवल्यासारखा. त्या मशीनवर दिवसाला दोन गोधड्या निघाल्या असत्या. यांना ट्रक सोडून घरी बोलावता आलं असतं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी बारा गोधड्या घेऊन आम्ही गुरुजींकडं गेलो. ते खुर्चीत शाल पांघरून बसले होते. दिवाळीत पुतणीकडं सांगलीला गेले ते महिनाभर तिकडंच होते, त्यामुळं थोडे वाळल्यासारखे वाटले. एकेका गोधडीवर नजर फिरवली, डोळे भरून आले त्यांचे. मग उठून आतल्या खोलीत गेले आणि बऱ्याच वेळानं पाकीट घेऊन आले.

"रोख नाही देत मी. चेक आहे. बँकेत भरा."

जन्मातला पहिला चेक! घरी आल्यावर आत्याबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "लक्षुमी आली दारात, तिला अशी कोरडी घ्यायची व्हय गं?" म्हणत देवापुढं ठेवला, हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, हात जोडले. मीही जोडले. तेव्हा मला कुठं माहीत होतं!

तर तो चेक परत घेऊन मी घरी आले ते तणतणतच. चप्पल एक इकडं, एक तिकडं.

"झालं तुमचं समाधान? कुंकू लावलंत म्हणून चेक बाद केला बँकेनं. रांगेत सगळे हसले मला."

आत्याबाई तीळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "कुंकू लावल्यानं बाद हुतोय?"

"मग काय! तो कागद आहे सरकारी, म्हसोबा नाही. कळत नसेल तर हात लावू नये माणसानं."

त्यांनी तीळ बाजूला सारले. उठल्या, पदर नीट केला, वाटीत तीळगूळ घेतला. "चल. गुरुजींपुढं मी चूक कबूल करते. दुसरा मागू."

गुरुजी तसेच खुर्चीत, तशीच शाल. आत्याबाईंनी आधी तीळगूळ पुढं केला. "घ्या गुरुजी. गोड बोला."

आणि गुरुजींनी डावा हात पुढं केला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संक्रांतीचा तीळगूळ, वयस्कर बाईच्या हातचा, आणि डाव्या हातानं घेतो हा माणूस! शाळेत डाव्या हातानं पेन्सिल घेतली तरी छडी मारणारे हेच ते. आम्ही शिंप्याच्या आळीतल्या, म्हणून एवढी हलकी वागणूक? आत्याबाईंनी मात्र त्या डाव्या तळव्यावर तीळगूळ ठेवला आणि क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिल्या.

मी चेक पुढं केला. "परत आलाय. या चिठ्ठीत काय लिहिलंय, तेवढं वाचून सांगा गुरुजी."

गुरुजींनी चिठ्ठी बघितली. पुष्कळ वेळ बघितली. मग टाचणीसकट काढून घेतली आणि खिशात घातली.

"कुंकू लागलंय म्हणून," ते म्हणाले. "बँकेचे नियम असतात, बाई."

"माझीच चूक," आत्याबाई म्हणाल्या. "अडाणी बाई मी. दुसरा देता का?"

"चार दिवसांनी या. चेकबुक... पुतणीकडं राहिलंय."

चार दिवस! येताना वाटेत मी आत्याबाईंना सोडलं नाही. घरी आल्यावर सोडलं नाही. भाकरी थापताना, भांडी घासताना, उठता बसता तेच. "तुमच्या कुंकवापायी मशीन जाणार माझं." एकदा तर म्हटलं, "तुमच्या अंगठ्यानं कधी काही धड झालंय का?" हे बोलायला नको होतं. त्या आयुष्यभर अंगठा लावत आल्या होत्या, सही येत नव्हती त्यांना. ते शब्द आजही आठवले की जीभ चावावीशी वाटते. त्या नुसतं "व्हय बाई" म्हणायच्या आणि सुईत दोरा ओवायच्या.

पाचव्या दिवशी गुरुजींनी दुसरा चेक दिला. तो मी पदरातही बांधला नाही, उगाच डाग पडायचा. दोन बोटांत धरून, मेलेल्या पालीसारखा, थेट बँकेत नेऊन भरला. घरी कुंकवाचा करंडा फळीवर सगळ्यात वर ठेवला.

तारीख बावीस. बँकेत गेले तर शिपायानं मला थेट आत, लोखंडे साहेबांच्या टेबलाशी नेलं. साहेब तरुण होते, गावचेच. समोर माझा चेक. एक डाग नाही, कोरा करकरीत.

"बाई, हा चेक कुठून आणलात?"

"गोंजारी गुरुजींनी दिला."

"गुरुजींची सही मी चौथीपासून बघतोय, प्रगतिपुस्तकावर. मोत्यासारखं अक्षर त्यांचं. ही त्यांची सही नाही." त्यांनी आवाज खाली आणला, पण टेबलाभोवतीच्या चौघांना ऐकू जाईल एवढाच. "मागचाही असाच होता. तेव्हाच चिठ्ठीत खूण करून दिली होती मी, सही जुळत नाही म्हणून. तरी तुम्ही दुसरा आणलात. खरं सांगा. नाहीतर मला पुढं कळवावं लागेल."

"पुढं म्हणजे?"

"पोलिसांत."

मला काय झालं ते आता सांगता येत नाही. डोकं भणाणलं. कुंकू नव्हतंच! चिठ्ठीत कुंकू नव्हतंच! मग गुरुजी...

मी धावतच घरी आले. आत्याबाईंना एवढंच म्हटलं, "तुमचा गुरुजी मला तुरुंगात धाडतोय," आणि तशीच पुढं निघाले. त्या मागोमाग, अनवाणी.

दार उघडंच होतं. मी उंबऱ्यातूनच सुरू झाले. "चोर ठरवलंत मला! भर बँकेत! साहेब म्हणतो सही तुमची नाही. खोट्या सह्या करून देता आम्हाला? बेचाळीसशे द्यायचे नव्हते तर सरळ सांगायचं होतं, आम्ही आमच्या गोधड्या घेऊन गेलो असतो!"

गुरुजींनी मला पुरतं बोलू दिलं. मग त्यांनी डाव्या हातानं अंगावरची शाल ओढून बाजूला टाकली.

उजवा हात मांडीवर पडला होता. बोटं आत वळलेली, वाळल्या पानासारखी. तो हात आपल्या धन्याचा राहिला नव्हता.

"दिवाळी पाडव्याच्या पहाटे अर्धांगाचा झटका आला," ते म्हणाले. "पाय बचावला त्यातून, वाचाही बचावली. हात गेला. पुतणीशिवाय कुणाला सांगितलं नाही मी."

टेबलावर शाळकरी पोरांची असते तशी एकरेघी वही होती. त्यांनी ती माझ्याकडं सरकवली. पानच्या पान भरलेलं, य. बा. गोंजारी, य. बा. गोंजारी. पहिल्या पानावर कोंबड्यानं उकरल्यासारखं, शेवटच्या पानावर जरा बरं. "चार दिवस मागितले ते यासाठी. वाटलं, जमलं. तीन महिने पेन्शन काढलेली नाही, शालन. कुठल्या तोंडानं काढू? कामवालीचा पगार थकलाय."

माझा राग कुठं गेला कळलंच नाही. आत्याबाईच पुढं झाल्या, जमिनीवर बसल्या.

"मग अंगठा लावा की गुरुजी. बँकेत सायबाम्होरं लावला की चालतंय. दोन साक्षीदार लागत्यात, बस्."

"अंगठा?" गुरुजींचा चेहरा लाल झाला. "रात्रीच्या वर्गात साडेतीनशे माणसांना सही शिकवलीय मी या गावात. त्यांच्यासमोर जाऊन अंगठा लावू? उपाशी मरेन एक वेळ."

"त्या वर्गाला मीबी चार रातरी आल्ते," आत्याबाई म्हणाल्या. "पाचव्या रातीला तुमी सगळ्यांम्होरं म्हणाला, अंगठा लावणारं माणूस आणि दाव्याला बांधल्यालं जनावर सारखंच, कुणीबी ओढत न्यावं. त्या राती घरी गेले ती परत आले न्हाई."

गुरुजी त्यांच्याकडं बघतच राहिले. हे त्यांना आठवत नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं.

"तुमचं चुकलं असं म्हणत न्हाई मी," आत्याबाई पुढं म्हणाल्या. "पर त्याच अंगठ्यावर मी लेकाचं लगीन केलं, घराची पावती केली, मालक गेल्यावर त्येंच्या पैशाचा कागद केला. कुणी ओढत न्हेलं न्हाई मला. आणि गुरुजी, एवढी बुकं शिकला, एक ठावं न्हाई तुमास्नी?"

"काय?"

"बायकांचा उजवा अंगठा घेत्यात. बाप्याचा डावाच. तुमचा डावा धडधाकट हाय की!"

गुरुजींनी आपल्या डाव्या अंगठ्याकडं बघितलं. मग गुरुजींना हसू आलं. आधी ओठाच्या कोपऱ्यातून, मग सगळं अंग हलवून. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी डाव्या हातानं पुसलं.

तेवीस तारखेला सकाळी अकराला आम्ही तिघं बँकेत गेलो. गुरुजींनी शाल घेतली नव्हती. पांढरा सदरा, टोपी, आणि तो हात सगळ्यांना दिसेल असा. लोखंडे साहेब ताडकन उठून उभे राहिले.

"लोखंडे, दोन्ही सह्या माझ्याच होत्या," गुरुजी वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले. "डाव्या हातानं केलेल्या. या मुलीवर आळ घेतलास, आधी तिची माफी माग."

साहेबांनी कान धरायचेच बाकी राहिले होते. "चुकलं, वहिनी," म्हणाले.

मग गुरुजी आत्याबाईंकडं वळले. "आणि गजराबाई, मी तुमची माफी मागतो. त्या चिठ्ठीत कुंकवाचं अवाक्षर नव्हतं. दोष माझ्या हाताचा होता. मी खोटं वाचलं, आणि तुमच्या माथी मारलं."

शिपाई तिथंच उभा होता. त्यानं हळूच मान खाली घातली.

नवा चेक साहेबांनीच लिहिला. शाईचा पॅड आला. गुरुजींनी अंगठा पॅडवर टेकवला आणि तोच चेकवर जोरानं दाबायला निघाले.

"दाबू नगा," आत्याबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या. "दाबलं की डाग पडतोय. या कडंनं त्या कडंला नुसता लोळवायचा. हां. उचला आता."

चेकवर रेघ न् रेघ दिसेल असा ठसा उमटला. शेजारी कॅशियर आणि शिपाई या दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. गुरुजी टेबलावर पसरलेल्या रुमालावर अंगठा घासायला लागले, निळं काही जाईना.

"डोस्क्याला पुसा. केसाला," आत्याबाई म्हणाल्या. "तेलानं निघतंय. आमची जुनी युक्ती हाय."

आणि गोंजारी गुरुजींनी, भर बँकेत, टोपी काढून अंगठा केसांना पुसला.

पैसे तासाभरात माझ्या हातात पडले. गुरुजींनी तीन महिन्यांची पेन्शनही तशीच अंगठ्यावर काढली. आम्ही दोघी पायी घरी निघालो. बेचाळीसशे रुपये पदरात होते आणि मला मात्र रडू आवरत नव्हतं.

"आत्याबाई, आठ दिवस मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. तुमचा काही दोष नसताना."

"ठावं हुतं मला."

"काय ठावं होतं?"

"दोष कुंकवाचा न्हाई ते. गुरुजींनी तीळगूळ डाव्या हातानं घेतला, तवाच कळलं. असला रीतीचा माणूस, त्यो डावा हात म्होरं करंल व्हय, उजवा चालत असता तर? आणि हात बदलला की सही बदलती, हे काय बुकात वाचाय लागतंय?"

मी रस्त्यातच थांबले. "मग बोलला का नाही? मी एवढं तोडून बोलत होते, तरी?"

"त्यो लपवत हुता, त्याला उघडं कशाला पाडायचं? म्हटलं, घोटू दे चार दिस, जमंल. तुझ्याम्होरं पोलिसाचं नाव काढतील असं वाटलं न्हाई, न्हाईतर बोलले असते." त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं, अगदी लहान पोरीचं पुसावं तसं. "आणि तू माझी हायस. तुझं बोलणं मला पचतंय. त्येंच्या घरात भांडायला तरी कोण हाय?"

पंचवीस तारखेला रसूलभाईंचं मशीन हातगाडीवरून आमच्या दारात आलं. रसूलभाईंनी जाता जाता तेलाची कुपी तशीच देऊन टाकली. आत्याबाईंनी फळीवरून करंडा काढला आणि माझ्याकडं बघितलं. "लावू का गं? का बाद हुईल?"

"लावा हो!" मी म्हटलं. चाकाला पाच बोटं कुंकू लावलं त्यांनी. ते मशीन अजून चालतं. आज माझ्याकडं अठ्ठावीस बाया काम करतात, त्यांना पगार मी चेकनं देते, आणि पाकिटाला कुंकू लावून देते. चेकला नाही.

पण मला सांगायची आहे ती पुढच्या संक्रांतीची गोष्ट. संध्याकाळी मशीन बंद करून उठतेय, तर दारात गुरुजी. गेल्या वर्षभरात त्यांनी डाव्या हाताची सही घोटून पक्की केली होती आणि बँकेत नव्यानं नोंदवलीही होती. त्यांच्या हातात छोटा डबा होता. आत्याबाई पुढं झाल्या. गुरुजींनी डबा माझ्याकडं धरायला दिला, चिमूटभर तीळगूळ घेतला, आणि देताना त्यांचा हात मध्येच अडखळला. डावा हात. सणाचा दिवस. साठ-पासष्ट वर्षांची सवय अशी एका वर्षात थोडीच जाते!

"गजराबाई, हात डावा आहे," ते ओशाळून म्हणाले.

आत्याबाईंनी उजवा हात पुढं केला होता. तो त्यांनी मागं घेतला, पदराखाली लपवला, आणि डावा पुढं केला.

"माझाबी," त्या म्हणाल्या. "घाला."

गुरुजींनी तीळगूळ घातला. मग माझ्याकडं वळले. मी डबा उजव्या हातात घेतला आणि डावा त्यांच्यापुढं धरला.